दीडशे डॉलरची शिस्त

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या वाहतूक शिस्तीवरचा लेख वाचला. तिथला पोलीस चिरीमिरी घेत नाही, मुकाट पावती फाडतो, याचे लेखकमहाशयांना केवढे कौतुक! पावती कोणाच्या नावाने फाटते, हे मात्र त्यांनी पाहिलेले दिसत नाही.

सेंट लुईसजवळच्या फर्ग्युसन उपनगराबद्दल अमेरिकेच्याच न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. वस्तीत कृष्णवर्णीय ६७ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० टक्के. रस्त्यातून 'नीट न चालणे' हाही तेव्हा तिथे गुन्हा होता. त्यात ९५ टक्के. गोरे लोक तिथे पायी चालतच नाहीत की काय?

त्याच अहवालातली एक बाई. २००७ मध्ये तिने एकदाच गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर. पैसे नव्हते, मधल्या काळात राहायला घरही नव्हते, तारखा चुकल्या. चुकलेल्या प्रत्येक तारखेला नवे वॉरंट, नवा दंड. एकदा २५, एकदा ५० डॉलर भरू पाहिले, तर कोर्टाने परत केले. भरायचे तर पूर्ण भरा! सहा दिवस कोठडीत काढून, ५५० डॉलर मोजून झाल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये बाकी किती? ५४१. आपल्याकडचे सावकार यापेक्षा वेगळे काय करत होते? चिरीमिरी नाही हे खरे, कारण वसुली थेट नगरपालिकेच्या तिजोरीत. अंदाजपत्रकात दंडाचे उत्पन्न आधीच धरलेले!

आणि 'मग काळ्यांनी दुसरीकडे राहावे' म्हणणाऱ्यांना काय सांगावे? सेंट लुईसमधल्या खरेदीखतांत काळ्यांना घर विकू नये अशी कलमे असत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निष्प्रभ केली, तरी सरकारी हमीची गृहकर्जे पुढे कितीतरी वर्षे गोऱ्यांच्याच उपनगरांत जात राहिली.

आपल्याला काय त्याचे, असे वाटत असेल तर अलाबामातले मॅडिसन आठवा. फेब्रुवारी २०१५. नातवाला सांभाळायला गेलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा घराजवळच फिरत होते. 'काळा माणूस' हिंडतोय, असा कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसाने त्यांना असे आपटले की शरीर अंशतः लुळे पडले. तो पोलीस पुढे निर्दोष सुटला.

गेल्या वर्षी टेक्सासमध्ये मुलाने मलाही बजावले होते, "बाबा, एकटे फिरायला जाऊ नका, गेलात तर माझा नंबर खिशात ठेवा." लेखकमहाशय तिकडे सकाळी पायी फिरले होते का, एवढे त्यांना विचारून छापावे.

— एक जुना वाचक, डोंबिवली