कार्यकर्त्यालाही घर असतं



गेल्या महिन्यात आपले एक पूर्णवेळ साथी लागोपाठ दोन बैठकांना आले नाहीत. चौकशीला आम्ही त्यांच्या बजाजनगरच्या खोलीवर गेलो. ताप नाही, दुखणं नाही, पण साथी भिंतीकडे तोंड करून पडलेले. "गावात जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो," एवढंच बोलले. वहिनी नुकत्याच सेकंड शिफ्टहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, मोर्चाला मी कधी नाही म्हटलं का? पण पोराला दवाखान्यात एकटीनं किती वेळा न्यायचं?" आम्ही निरुत्तर झालो. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत.

या साथींचं काम काय? पहाटेची एसटी धरून कन्नड गाठायचं, तिथून गौताळ्याच्या डोंगरातल्या वाड्या. वनहक्काच्या दाव्यासाठी 13 डिसेंबर 2005 आधीच्या कब्जाचे पुरावे जमवायचे, म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे, उपविभागीय समितीकडे खेटे घालायचे. दावा फेटाळला तर 60 दिवसांत अपील. लोकांचा राग निघतो तो यांच्यावरच. रात्री बारालाही फोन. मानधन कधी मिळतं, कधी नाही. घर चालतं वहिनींच्या पगारावर, आणि त्याही ठेकेदाराकडे.

याला आपण त्याग म्हणतो, आणि माणूस थकला की 'ढिला पडला' म्हणतो. बाई कार्यकर्ती असेल तर परत येऊन चूलही तिनंच पेटवायची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये म्हटलं, की असा थकवा कामाच्या जागचा ताण वेळीच न आवरल्यानं येतो. म्हणजे दोष त्या साथीच्या निष्ठेचा नाही, आपल्या कामाच्या रीतीचा आहे.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. आपल्या कार्यकर्त्याला अजून रविवार नाही. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, हे आपण गावोगाव सांगतो. मग चळवळीचं निम्मं ओझं उचलणाऱ्या वहिनींचं नाव आपल्या वहीत कुठं आहे?

जुने साथी म्हणतील, वनखात्याची माणसं सुटीचा वार बघून येत नाहीत. खरं आहे. म्हणूनच एका गावाची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात नको. पुढच्या बैठकीत आम्ही चार ठराव मांडत आहोत. प्रत्येक गावाला दोन कार्यकर्ते, आणि दाव्यांच्या नकला गावच्या वनहक्क समितीकडे. आठवड्यातला एक दिवस घरचा, त्या दिवशी फोन जोडीदार साथी घेईल. मानधन ठरल्या तारखेला, त्यासाठी गावांनी वर्गणी वेळेवर द्यावी. आणि आजारपणासाठी वेगळी पेटी.

आजारी साथी कधी परततील ते त्यांनीच ठरवावं. तोवर त्यांची गावं आम्ही वाटून घेतली आहेत, एकही दावा अडणार नाही.

पुढच्या बैठकीला एकटे येऊ नका. घरच्यांना सोबत आणा. यावेळी आधी त्या बोलतील, आपण ऐकू.