सर्व्हर डाऊन नाही भाऊ, फाइलला कुलूप आहे!

पुसदकरहो, जरा लांब लिहितोय, पण वाचा.

शेंबाळपिंपरीहून एसटीनं दाखल्यासाठी आलेल्या माणसाला खिडकीवर उत्तर मिळतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कित्येकदा सर्व्हर ठणठणीत असतो. झालेलं एवढंच असतं, की कंपनीच्या पोरानं आदल्या संध्याकाळी नवीन सॉफ्टवेअर टाकलं. ते टाकणारी स्क्रिप्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालते, फोल्डर स्वतःच्या ताब्यात ठेवते आणि मोकळी होते. सकाळी ऑपरेटर आपल्या साध्या लॉगिनवरून फाइल सेव्ह करायला जातो, तर 'ॲक्सेस डिनाइड'. घर बांधलं अन् मिस्त्री किल्ली खिशात घालून गेला!

मग कंपनीला फोन. फोनवरचा इलाज तर रोगापेक्षा भारी : "एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका." लिनक्सवाले याच कर्माला ७७७ म्हणतात. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. मालकाला ७, गटाला ७ आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही ७! त्या फोल्डरात काय असतं? तुमचं आधार, लेकीचा जातीचा दाखला, बापाचा सातबारा.

मोठ्यांकडूनही हे होतं, मान्य. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएमची ५.७.० आवृत्ती सुडो लावून चालवली, की लिनक्सच्या सिस्टिम फाइलींची मालकीच बदलायची. पण त्यांनी लगेच ५.७.१ काढली. आपल्याकडे कंपनी म्हणते, ऑपरेटरलाच कॉम्प्युटर येत नाही.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. दाखला वेळेत दिला नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. २०२३ च्या डेटा कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत. आणि ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला? त्याचं बिल पास!

मागणी साधी आहे. बिल काढण्याआधी कंपनीनं साध्या लॉगिनवर, ॲडमिनचा पासवर्ड न टाकता, एक अर्ज भरून, सेव्ह करून, प्रिंट काढून दाखवावी. फोल्डरचा हक्क फक्त ज्यांचं काम आहे त्या गटाला, गावाला नाही. ही अट करारातच लिहा. राज्याला दोन मुख्यमंत्री दिलेल्या गावाला एवढं जमत नाही काय?

निवेदन सोमवारी देतोय, सही करायची असेल त्यांनी कॉमेंटमध्ये सांगा. आणि हो, मॉनिटरला चिठ्ठीवर चिकटवलेला तो ॲडमिनचा पासवर्ड तेवढा आजच काढा. खिडकीतून वाचता येतो.