बक्षिसाच्या चित्रात काय लपलंय?

मुलांपेक्षा खाला आणि फूफीलाच या खेळाचं वेड जास्त, असं आम्हाला घरोघरी दिसतं. मोबाईलवर एक जुनी हवेली, तिच्या अडगळीत चावी, कंदील, घुबड शोधायचं. बर्लिनच्या वूगा कंपनीचा २०१७ मध्ये आलेला 'जून्स जर्नी' याच जातीचा. 'चित्रात लपलेले प्राणी ओळखा' हे आपल्या ओळखीचं कोडं, फक्त आता पडद्यावर.

कंपन्या अशा शौकिनांसाठी खैरातही करतात. चित्रात एखादं कोडं दडवायचं, बरोबर उत्तर देणाऱ्याला खेळ किंवा खेळातली नाणी फुकट. 'हे जायज आहे का?' हा प्रश्न मग येतोच. आम्ही आधी एवढंच बघतो की भाग घ्यायला खिशातून काही जातं का? हरणाऱ्याच्या पैशातून जिंकणाऱ्याचं बक्षीस निघत असेल तर ते मैसिर, सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत मना केलेलं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला कायदाही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, मग खेळ नशिबाचा असो की अकलेचा. पैसे न लावता खेळायच्या खेळांना त्यात मनाई नाही.

आपल्या नागपूरला हे वेगळं सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये इथल्या एका व्यापाऱ्याचे जुगाराच्या ॲपमध्ये ५८ कोटी गेल्याची तक्रार झाली आणि पोलिसांचे छापे गोंदियापर्यंत पोचले. सुरुवात व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकने झाली होती. बक्षीस लागलं म्हणून कुणी 'प्रोसेसिंग फी' किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला कळवा.

पण खरी मजा कोडं लपवण्यात आहे, आणि ती ईदीच्या निमित्ताने घरीही करता येते. रमजानच्या संध्याकाळचा मोमिनपुरा काढा. फळांच्या ढिगात एक संत्रं असं ठेवा की त्याच्या फोडी मोजल्या तर आकडा मिळावा. वस्तू फार बारीक करू नका, ती लबाडी झाली. लपवायचं ते रंगाने. खजुरांत तपकिरी चावी, जाळीच्या टोपीत कोळ्याचं जाळं. झिरो माईलच्या घोड्यांपैकी एकाचं तोंड उलट्या दिशेला करा. नागपूरकर असूनही बरेच जण अडतील! सापडलेल्या वस्तूंची पहिली अक्षरं जोडून ईदी कुठल्या डब्यात आहे ते कळावं.

एक खबरदारी मात्र हवी. इंग्लंडचे चित्रकार किट विल्यम्स यांनी १९७९ मध्ये 'मॅस्करेड' या चित्रांच्या पुस्तकात सोन्याच्या सशाचा पत्ता दडवला होता. ससा पुरताना साक्षीदारही ठेवला होता. १९८२ मध्ये बक्षीस एकाला मिळालं, पण कोडं रीतसर सोडवलं होतं दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी. जिंकणाऱ्याला विल्यम्स यांच्या पूर्वीच्या मैत्रिणीकडून जागेचा सुगावा लागला होता, हे १९८८ मध्ये उघड झालं.

म्हणून उत्तर कागदावर लिहा, पाकीट चिकटवा आणि दादीकडे द्या. लाडक्या नातवाचा नंबर असेल तर नानीकडे.