काढा ताजा, अरिष्ट मुरलेले

पावसाळा आला की घरोघरी काढ्याचे पातेले गॅसवर चढते. अडुळसा, तुळस, गवती चहा, सुंठ, ज्येष्ठमध... हेतू चांगलाच. पण नोकरी करणाऱ्या गृहिणींनी त्यात एक सोय शोधली आहे. रविवारी भरपूर काढा करायचा, बाटलीत भरायचा आणि आठवडाभर पुरवायचा. नेमके हेच करू नये.

शार्ङ्गधर संहितेत काढ्याचे माप दिले आहे. एक भाग भरड, सोळा पट पाणी, आटवून आठवा हिस्सा उरवायचा. उकळताना बहुतेक जंतू मरतात, हे खरे. पण काही जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात, आणि निवलेल्या काढ्यात चमच्यावाटे, हातावाटे नवे जंतू शिरतात. गूळ घातला असेल तर मग विचारूच नका! सकाळचा काढा त्याच दिवशी संपवावा, उरला तर ओतून द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध घातलेला काढा मुळीच देऊ नये.

मग बाजारातले दशमूलारिष्ट इतके दिवस कसे टिकते? तेही मुळात काढाच. मात्र त्यात गूळ आणि धायटीची फुले घालून ते बंद भांड्यात आंबवतात. त्यातून तयार होणारा मद्यार्क, साधारण ५ ते १० टक्के, त्याला टिकवतो. म्हणूनच मुलांना किंवा गर्भवतींना ते वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. 'आयुर्वेदिक आहे, अपाय कसला?' हे वाक्य आपल्याकडे औषधापेक्षा जास्त खपते!

तळाशी थोडा गाळ असला तर चिंता नको. वर बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला तर बाटली टाकावी. विकत घेताना परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी. जत्रेत जुन्या बाटल्यांत भरून विकतात त्या औषधात कोणती पाने आणि कुठले पाणी, कोण सांगणार?

ताज्या रसाचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, आणि तो शिजवूनही जात नाही. रस काढण्याआधी दुधीची लहानशी फोड जिभेवर ठेवावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि तो दुधी फेकून द्यावा. रस प्यायल्यावर उलट्या किंवा पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करीत न बसता तडक रुग्णालय गाठावे, आणि काय प्यायलो ते डॉक्टरांना सांगावे.