आरटीईची सोडत: रँडम आहे हे तपासायचं कसं?

आरटीईच्या २५ टक्के जागांची राज्यभराची ऑनलाइन सोडत पुण्यातून निघते. नंबर लागला तर पोरगं आठवीपर्यंत खासगी शाळेत मोफत शिकतं. नाही लागला की पालकांना एकच शंका येते: 'सेटिंग' तर नसेल?

खऱ्या सोडतीत घर ते शाळा अंतराचे नियमही असतात, पण गाभा म्हणजे यादी पिसणं. लिनक्सची 'शफ' कमांड नेमकं हेच करते. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलं की तुमच्या फोनवरही चालते. यादी द्या, पत्त्यांसारख्या ओळी पिसून मिळतात.

पण कुणी दहा वेळा पिसून हवा तो निकाल ठेवला तर? नुसता निकाल बघून ते कळणार नाही. उपाय शफमध्येच आहे: रँडम आकड्यांची फाइल बाहेरून देता येते. यादी तीच, फाइल तीच, तर क्रमही तोच.

म्हणून आधी अर्ज क्रमांकांची यादी जाहीर करून गोठवा. मग सगळ्यांसमोर पालकांकडून आकडे घ्या, त्यांतून फाइल बनवा आणि प्रोग्रॅम खुला ठेवा. मग कोणीही घरबसल्या सोडत पुन्हा काढून निकाल ताडून बघेल.

'विश्वास ठेवा' म्हणण्यापेक्षा 'तपासून बघा' म्हणणं केव्हाही बरं.