गाडी केली, कागद पाहिले का?

महाशिवरात्र जवळ आली की मेसच्या रांगेत, वॉटर कूलरपाशी आणि लॅबमध्ये रीडिंग घेताघेतासुद्धा एकच विषय चालू असतो : मार्कंड्याला कोण कोण येतंय आणि गाडी कोणाची करायची? एसटी यात्रेसाठी जादा बसेस सोडते. काळी-पिवळीही असते, भरली की सुटते (आणि 'भरली' म्हणजे किती, हे फक्त तिच्या ड्रायव्हरलाच माहीत!). पण आपल्याला स्वतःची गाडी हवी असते. मग कोणीतरी ओळखीच्या भाऊला फोन लावतो, "किती घेता? अकरा जण आहोत," पलीकडून "होते ना जी, या तुमी," असं उत्तर येतं आणि गाडी 'झाली'!

मला आपल्या या 'गाडी करणे' शब्दाची नेहमी गंमत वाटते. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे निबंधात आम्ही कार 'रेंट' करायचो. म्हणजे गाडी वेगळी, चालवणारा वेगळा. मराठीत आपण गाडी 'करतो', आणि त्यात ड्रायव्हर, त्याचा चहा, त्याचं जेवण, त्याची ओळख, त्याने रस्त्यात सांगितलेल्या वाघाच्या गोष्टी, सगळं आपोआप येतं. धाब्यावर माझी आई आधी विचारते, "ड्रायव्हरदादा जेवले का?" हे मला फार आवडतं. पण या ओळखीपाळखीत एक गोष्ट कायमची राहून जाते. कागद कोणी बघत नाही.

आता दुसरं चित्र बघा. आपले सीनिअर्स एमएस करायला अमेरिकेत किंवा जर्मनीला जातात. तिथे पहिल्या मोठ्या सुट्टीत चार-पाच जण मिळून कार भाड्याने घेतात. त्याआधी हेच लोक जो अभ्यास करतात, तो त्यांनी इथे एम-थ्रीसाठी केला असता तर डिस्टिंक्शन मिळालं असतं! निघण्यापूर्वी आरटीओत फॉर्म ४-ए भरायचा, हजार रुपये फी भरून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचं. ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळतं, एकच वर्ष चालतं आणि सोबत आपलं मूळ लायसन लागतंच. चीनमध्ये ते चालत नाही, जपानमध्ये चालतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बहुतेक कंपन्या २१ वर्षांखालच्यांना गाडीच देत नाहीत आणि २५ च्या आतल्यांकडून रोजचा जादा आकार घेतात. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. करारात ज्याचं नाव ड्रायव्हर म्हणून आहे त्यानेच चालवायचं. दुसऱ्याने स्टिअरिंग धरलं आणि काही झालं तर विमा गेलाच म्हणून समजा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी फोटो काढायचे, जुना ओरखडा असेल तर करारावर लिहून घ्यायचा, पेट्रोलचा काटा बघायचा, परत देताना टाकी तेवढीच भरून द्यायची. हे सगळं आपली मुलं मुकाट्याने करतात. एकही म्हणत नाही की, "जाऊ द्या ना भाऊ, ओळखीतला आहे."

माझं म्हणणं एवढंच आहे की, जी मुलं तिकडे कराराचं पान न् पान वाचतात, तीच इथून मार्कंड्याला जाताना नंबर प्लेटचा रंगही का बघत नाहीत? जीव तर तोच असतो!

प्लेटचा रंग ही काही आरटीओवाल्यांची हौस नाही. पांढऱ्यावर काळे आकडे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्यावर काळे म्हणजे भाड्याची, परमिटची. काळ्यावर पिवळे आकडे म्हणजे ड्रायव्हरशिवाय, आपण स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. गोव्यात गेलेल्यांनी त्या पाहिल्या असतील. (इलेक्ट्रिक गाड्यांची प्लेट हिरवी. त्यातही आकडे पांढरे असतील तर खाजगी, पिवळे असतील तर भाड्याची.) यात्रेच्या दिवसांत होस्टेलच्या गेटवर ज्या गाड्या येतात त्यांत पांढऱ्या प्लेटच्या किती असतात ते एकदा मोजा. मी मागच्या वेळी मोजल्या. सहापैकी चार!

पांढरी प्लेट असली म्हणून काय बिघडलं? रस्ता तोच, इंजिन तेच. बिघडतं ते विम्यात. खाजगी कारच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' असा एक भाग असतो. भाडं घेऊन माणसं नेणं हा वापर त्यात धरलेला नसतो, तिथे तो स्पष्ट वगळलेला असतो. अपघात झाला की कंपनी पहिला प्रश्न विचारते, गाडी भाड्याने होती का? आत बसलेल्या अकराजणांपैकी कोणीतरी खरं बोलणारच. मग कंपनी हात वर करते, प्रकरण कोर्टात जातं आणि हॉस्पिटलचं बिल घरच्यांनी भरायचं. त्यातून आरसीवर आसनक्षमता सात लिहिलेली आणि आत अकरा, म्हणजे आपल्या बाजूने बोलायला एकही कागद उरत नाही. परमिट नसताना भाडं मारणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, पण तो गाडीमालकाचा प्रश्न. आपला प्रश्न आहे तो आत बसलेल्यांचा.

लायसनवरून मात्र उगाच वाद घालू नका. 'पिवळ्या गाडीला वेगळं लायसन लागतं' असं पुष्कळजण ठासून सांगतात. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या गाडीला नेहमीचं एलएमव्ही लायसन पुरतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. विचारायचं ते परमिट, फिटनेस आणि विमा. तेही विचारायला लाज वाटत असेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. गाडी खाजगी की भाड्याची आणि विमा कधीपर्यंत आहे, हे तिथे दिसतं. दोन मिनिटांचं काम. आपण रील बघण्यात किती घालवतो ते सांगायला नको.

यावर आपल्यातल्या काही वीरांचं उत्तर तयार असतं, "मग ड्रायव्हरच नको. सेल्फ-ड्राइव्ह घेऊ, आपणच चालवू!" कायद्याने याची सोय आहे. केंद्राची 'रेंट-अ-कॅब' योजना १९८९ सालची आहे. पण तिच्यात परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट घातली गेली. आता सांगा, चामोर्शीत किंवा मूलमध्ये ५० गाड्या बाळगून कोण बसणार? ती योजना मोठ्या शहरांच्या आणि विमानतळांच्या हिशेबाने लिहिलेली. लहान गावातल्या माणसाने एकुलती एक गाडी कायदेशीरपणे चावीसकट भाड्याने द्यायची म्हटलं तर त्याला तो दरवाजाच बंद. म्हणून मग तो पांढऱ्या प्लेटची गाडी 'मित्राला दिली' असं सांगून देतो. इथे मला गाडीमालकापेक्षा नियम करणाऱ्यांचाच जास्त राग येतो. पण राग आला म्हणून विमा मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर सेल्फ-ड्राइव्हला माझा दुसऱ्याच कारणाने विरोध आहे. इथून मूलपर्यंतचा रस्ता बराचसा जंगलातून जातो. दिवसा सुंदर, रात्री अवघड. रानडुक्कर, चितळ कधी समोर येईल सांगता येत नाही, आणि आले की ब्रेक मारायचा की नाही हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यायचा असतो. पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो की यात्रेची गर्दी, बैलगाड्या, पायी चालणारे लोक, कडेला अंधारात उभे केलेले ट्रॅक्टर. इथला ड्रायव्हर हे सगळं लहानपणापासून बघत आलेला असतो. आपण एक तर पुण्या-नागपूरच्या रस्त्यांवर शिकलेलो, नाहीतर गेमवर. मार्कंडेय ऋषींची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सोळाव्या वर्षी यम न्यायला आला आणि शंकराने वाचवलं. आपला कायदा सोळाव्या वर्षी ५० सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी देतो, अठराव्या वर्षी कार आणि विसाव्या वर्षी भाड्याची गाडी. म्हणजे मी आज कायद्याने टॅक्सी चालवू शकते, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मला साधी कार भाड्याने मिळणार नाही! त्यांनी २१ आणि २५ हे आकडे पत्रिका बघून काढलेले नाहीत. विमा कंपन्यांनी अपघातांचे हिशेब केले, त्यातून ते आले.

म्हणून माझं मत, पिवळी प्लेट आणि इथलाच ड्रायव्हर. पण मग ड्रायव्हरची एक गोष्ट आली, जी आपण कधीच विचारत नाही. तो झोपलाय का?

यात्रेच्या दिवसांत एकेक गाडी किती फेऱ्या मारते ते बघा. पहाटे चंद्रपूरहून एक बॅच, दुपारी दुसरी, रात्री आपण. 'रात्री निघू, पहाटे दर्शन घेऊ, सकाळी परत, दुपारी प्रॅक्टिकलला हजर' हा आपला प्लॅन. आपण मागच्या सीटवर एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतो. तिकडे रांगेत चार तास जातात, तेवढा वेळ तो गाडीत काच खाली करून, डास मारत, पाय दुमडून पडलेला असतो. त्याला झोप म्हणत नाहीत. २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा होती, आणि भाड्याच्या गाड्यांच्या चालकांनाही तीच लावावी असं मोटार वाहन कायदा सांगतो. हे कलम माहीत असलेला ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही. आणि माहीत असून उपयोग तरी काय, गाडीचा हप्ता थोडाच कलम बघून थांबतो?

भाड्याचा हिशेबही त्याला झोपू देत नाही. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाचे किमान किलोमीटर धरतात, टोल-पार्किंग वेगळं, आणि मुक्काम केला तर ड्रायव्हर भत्ता वेगळा. आपण अकरा जण घासाघीस करतो ती नेमकी या शेवटच्या आकड्यावर. "मुक्काम कशाला, रात्रीतच परतू," म्हणजे भत्ता वाचला! अकरा जणांत वाटला तर तो डोक्यामागे एका पिझ्झ्याच्याही पैशांत येत नाही. तोच वाचवतो आपण, आणि मग परतीच्या वाटेवर चिचपल्लीच्या जंगलात पहाटे तीन वाजता त्याच्या डोळ्यांवर आपला जीव सोपवतो.

एक गोष्ट मात्र आपल्या 'गाडी करण्या'त परदेशापेक्षा चांगली आहे, ती सोडू नये. तिथे गाडी बंद पडली तर आधी कंपनीच्या नंबरवर फोन करायचा आणि थांबायचं. इथे ड्रायव्हर पुढच्या गावात मेव्हणा शोधून काढतो, तासाभरात मेकॅनिक हजर, वर चहा. (जाता जाता, जुन्या सुमोत बसलेल्यांना हे माहीत असावं म्हणून : सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलेलं नाही. टेल्कोचे सुमंत मूळगावकर, त्यांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मू'! इंजिनिअरच्या नावावर गाडी निघणं हे आपल्याकडे क्वचितच.) ही माणुसकी राहू द्यावी. पण माणुसकी आणि विमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रवासाला दोन्ही लागतात.

आता रेक्टर सरांना आणि मॅडमना एक विनंती. आमच्या लेडीज होस्टेलमध्ये बाहेरगावी जाताना रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहून द्यावा लागतो. मुलांच्या होस्टेलमध्ये ते विचारत नाहीत. का, ते मला कोणी नीट सांगितलेलं नाही. झाड काय मुलगा-मुलगी बघून आडवं येतं? तो रकाना दोन्हीकडे करा. आणि नुसता नंबर लिहून ठेवून काही होत नाही. प्लेटचा रंग, आसनक्षमता, जाणाऱ्यांची संख्या आणि विमा कधीपर्यंत आहे, एवढे रकाने वाढवा. स्टुडंट्स कौन्सिलने पिवळ्या प्लेटच्या चार-पाच गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवलं, मुक्कामाचा भत्ता धरूनच दर ठरवले आणि यादी बोर्डावर लावली, तर पांढऱ्या गाडीला फोन करायची कोणाला गरजच पडणार नाही. नाहीतरी मार्कंड्याला रात्रीत जाऊन रात्रीत येण्यात काय मजा आहे? नदी तिथे उत्तरेकडे वळते. कनिंगहॅमने १८७३-७५ च्या दौऱ्यांच्या अहवालात ज्यांचं वर्णन केलं ती देवळं आहेत, त्यांच्यावरची शिल्पं आहेत. ती काय मोबाइलच्या टॉर्चने बघणार? दुपारी निघावं, उजेडात पोचावं, रात्र तिथेच काढावी. ड्रायव्हरदादांना आठ वाजता जेवायला घालून सांगावं की, सकाळी सातपर्यंत तुम्हाला कोणी उठवणार नाही. आणि खरंच उठवू नये.