व्यास घटला, बुरशी मेली नाही

बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या मद्दूर परिसरात ऊस तोडून पाचट जाळले की उरलेल्या खुंटांवर नारिंगी न्यूरोस्पोरा फुलून येते. भारतीय विज्ञान संस्थेतल्या पंडित व माहेश्वरी यांनी 1996 मध्ये तिचा शेतातला जीवनक्रम प्रसिद्ध केला. धग आणि भाजलेल्या ऊतीतले फुरफुराल, दोन्हींनी तिचे झोपलेले बीजाणू जागे होतात. (पाचट जाळू नयेच, पण कोल्हापूर-सांगलीत कुणी जाळलेच असेल, तर खुंट जरूर पाहावेत.)

प्रयोगशाळेत हीच बुरशी डोकेदुखी ठरते. ताशी तीन-चार मिलिमीटर धावणारे तंतू बघता बघता पेट्रीप्लेट व्यापतात, वसाहती मोजणार कशा? टेटम, बॅरॅट व कटर यांनी 1949 मध्ये माध्यमात सॉर्बोज ही शर्करा घातली आणि वसाहती गुंडीएवढ्या राहिल्या. सॉर्बोज तंतूच्या भित्तिकेतील ग्लुकान घडवणाऱ्या विकराला अडथळा करते. टोकाची धाव मंदावते, मात्र मागे जवळजवळ फांद्या फुटत राहतात. पसारा आखडतो, गर्दी वाढते. बुरशी जिवंतच असते.

आता आपल्याकडचे बुरशीनाशकांचे प्रबंध काढून पाहा. विषयुक्त माध्यम, सातव्या दिवशी पट्टीने मोजलेला व्यास, त्यावरून प्रतिबंधाची टक्केवारी आणि थेट शिफारस! या हिशेबात मारणारे रसायन आणि नुसते झुडूप करणारे रसायन सारखेच दिसते.

भाताच्या पर्णकोष करप्यावरचे व्हॅलिडामायसीन घ्या. ते रायझोक्टोनियाच्या ट्रेहॅलेज विकराला रोखते, टोकाकडे जाणारी रसद तुटते आणि तंतू वेडावाकडा फुटू लागतो. शेतात एवढे पुरते, कारण पसरता न आलेली बुरशी शेजारचा पर्णकोष गाठू शकत नाही. पण पीडीएच्या खुराकावर तपासले तर हेच औषध निकामी वाटते. साध्या पाणी-अगारवर परिणाम ठळक दिसतो. माध्यम निवडतानाच निकाल अर्धा ठरलेला असतो, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो का?

म्हणून यापुढे या मासिकाकडे येणाऱ्या चाचणी-लेखांत व्यासाबरोबर शुष्क वजन हवे. अगारवर सेलोफेन अंथरले की वाढ सोलून तोलता येते, खर्च किरकोळ. कोवळ्या वसाहतीतील तंतूंची एकूण लांबी भागिले टोकांची संख्या, हा आकडाही द्यावा. ट्रिंची यांनी 1970च्या दशकात रूढ केलेल्या या मापाला सूक्ष्मदर्शक आणि एक दुपार पुरते. माध्यमाचे नाव तक्त्याच्या शीर्षकातच लिहावे, तळटिपेत नको.